तुम्ही विचारलंत म्हणून : आमचा राक्षस वाघतोंड्या का नाही?

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मराठीत खेळवतो. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला : मराठीत आणताना त्या जगातल्या दंतकथा बदलता का? ज्यांनी इंग्रजी पुस्तकं चाळली आहेत, ते नेमकं बोट ठेवतात. पुस्तकातला राक्षस वाघाच्या तोंडाचा आहे, मग तुमचा तसा का नाही?

हो, बदलतो. आणि बदलायलाच हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली एकेक पात्रं होतात, आणि अडलं की फासे टाकून निकाल लावायचा. १९७४ साली तो अमेरिकेत निघाला. राक्षस त्यात लवकरच आला, पण आपल्या पुराणांतून थेट नाही. तिथल्या टीव्हीवरच्या एका भयमालिकेतून. मंतरलेल्या बाणाने मरतो ही त्याची खूण त्या मालिकेतलीच. पुढे चित्रात त्याला वाघाचं डोकं मिळालं, मग तळहात उलटे झाले. म्हणजे आपला राक्षस दोन ठिकाणी मुक्काम करून परत आला, तेव्हा ओळखूच येईना.

आता हा वाघतोंड्या आमच्याकडे कसा चालणार? ताडोबाचं नावच मुळी तारू या देवावरून आलं. तो गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरते. शिवाय इथला वाघ काही चित्रातला नाही. धानाच्या बांधीवर जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात तो रोज असतो. मी पुस्तकातलं वर्णन जसंच्या तसं सांगितलं तेव्हा एका पोराने फासे खाली ठेवले. म्हणाला, “वाघोबाले काहून मारा लागते, भाऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून वाघाचं डोकं गेलं.

खरा बदल मात्र त्याच्या मरणात झाला. इंग्रजीत मंतरलेला बाण हा नियम आहे : त्याच्यावर काय चालतं आणि काय चालत नाही, एवढंच. मराठीत ‘राक्षस’ म्हटलं की लहान पोरसुद्धा विचारतं, याला वर कोणी दिला? हिरण्यकशिपू घरातही मरणार नव्हता आणि बाहेरही नाही, म्हणून उंबरठ्यावर मेला. त्यामुळे आमचे खेळाडू तलवार उपसतच नाहीत. आधी गावोगाव फिरून वर शोधतात, त्यातली फट हुडकतात. आकडे तेच, फासे तेच. पण लढाईचा खेळ चौकशीचा झाला. मला तो जास्त आवडतो.

चांगलं-वाईट तर आणखी अवघड. पुस्तकात राक्षस म्हटला की दुष्ट, विषय संपला. इथे दिवाळीत आया ओवाळताना म्हणतात, “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.” बळी कोण होता? असुरच ना! त्याला दुष्टांच्या रकान्यात मी टाकणार नाही.

काही बदल तर भाषा मला न विचारता करते. पुस्तकातली साहसं पुष्कळदा दारूच्या गुत्त्यात सुरू होतात. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. म्हणून आमची गोष्ट पानठेल्यावर सुरू होते. गावभरच्या बातम्या तिथेच तर येतात. आणि ठेलेवाल्याला पहिल्याच वाक्यात कोणीतरी “मामा” म्हणतं. एकदा मामा झाला की त्याचा गल्ला लुटायची कोणाची छाती होत नाही. इंग्रजीत खेळताना याच पोरांनी गुत्तेवाल्याला सर्रास लुटलं होतं.

‘मूळ जगाशी इमान राखा’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की ते मूळही ढवळलेलंच आहे. टोल्किनच्या कादंबऱ्यांतून पहिल्या पुस्तकात आलेले बुटके ‘हॉबिट’ हक्कांच्या वादामुळे ‘हाफलिंग’ झाले. जर्मन लोककथांतला कोबोल्ड घरात नाहीतर खाणीत राहणारा भूत. या खेळात तो खवल्यांचा झाला, २००० सालच्या आवृत्तीपासून ड्रॅगनचा भाऊबंद ठरला, आणि जपानी खेळांत अजून कुत्रतोंड्याच आहे. जपानला चालतं, मग झाडीपट्टीला का चालू नये?

एल्फला, म्हणजे खेळातल्या टोकदार कानांच्या रानवासी जमातीला, मात्र मी हात लावलेला नाही. ‘यक्ष’ सुचवणारे बरेच भेटतात. पण यक्ष म्हटलं की विदर्भातल्या वाचणाऱ्या माणसाला रामटेक आठवतं, कालिदासाच्या ‘मेघदूता’तला, कुबेराच्या शापाने बायकोपासून ताटातूट झालेला. तो आला की आपलं विरहाचं दुःख घेऊन येणार, आणि रानात धनुष्य घेऊन फिरणारा एल्फ कुठल्या कुठे जाणार. त्या यक्षासाठी वेगळी गोष्ट रचायला घेतली आहे. तोवर एल्फ हा एल्फच.