तुम्ही विचारलंत म्हणून : भरतीची तारीखच नाही, मग थंडीत उठून पळायचं कशासाठी?

"सर, भरतीची तारीख तर येऊन नाही राहिली, मग रोज सकाळी उठावं कायले?"

दिवाळी झाली, धान कापणीला आलं की हा प्रश्न मला मैदानावर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही गाठतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडच्या एका गावात मी शाळेत खेळ शिकवतो आणि सकाळी शाळेच्याच मैदानावर पोलीस भरतीची पोरं-पोरी पळवतो. विचारणाऱ्यांत पोरं असतात तसे त्यांचे बापही असतात. बापांचा प्रश्न जरा वेगळ्या तोंडाने येतो: "गुरुजी, दोन महिने पळते अन् सोडून देते, याचं मन टिकावं कसं?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सरकारच्या हातातल्या तारखेच्या भरवशावर आख्खा हिवाळा काढता येत नाही. हिवाळ्यासाठी आपली स्वतःची तारीख लागते. ती ठरवायची, वहीत लिहायची, घरी सांगायची आणि त्या दिवसासाठी पळायचं. भरती निघाली तर तुम्ही तयार असाल. नाही निघाली तरी तुमची तारीख कुणी पुढे ढकलू शकत नाही.

हिवाळाच का, ते आधी सांगतो. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे ४५ अंश. सकाळी आठलाच डोकं तापतं. पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आणि चिखल. अंगाला न भाजता तासभर सलग पळता येईल असे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढेच. आणि दम ही सावकाश बनणारी गोष्ट आहे. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, पायाच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, याला महिने लागतात. उलट पळणं बंद केलं की दोन-तीन आठवड्यांतच दम उतरायला लागतो. भरतीची जाहिरात आल्यावरच बूट बाहेर काढणाऱ्या पोराला म्हणूनच वेळ पुरत नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण एकट्या धावेला आहेत, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. १६०० मीटर म्हणजे ताकदीचं काम, असं पोरांना वाटतं. पण पाच-सहा मिनिटं चालणाऱ्या धावेत बहुतेक शक्ती श्वासातल्या ऑक्सिजनवरच तयार होते. हळू आणि लांब पळणं हा तिचा पाया आहे, आणि तो हिवाळ्यातच पडतो.

आता तारखा. मी तीन ठेवायला सांगतो. पहिली डिसेंबरच्या शेवटी, मैदानावर वेळ लावून १६०० मीटर. दुसरी २६ जानेवारीला, १० किलोमीटर. तिसरी फेब्रुवारीच्या शेवटी, पुन्हा १६००, आणि ज्याला आवड लागली त्याने नागपूर-चंद्रपूरकडची एखादी अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरच्या थोडं वर. मोठ्या शर्यतीची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही, हे मला माहीत आहे. त्यासाठी अडून बसू नका. मैदानावर फक्की (पांढरी भुकटी) मारून २०० मीटरचा गोल आखा, हातात स्टॉपवॉच धरायला एक माणूस उभा करा, झाली शर्यत. फक्त दिवस बदलायचा नाही.

ध्येयाचा आकडा कसा ठरवायचा, इथे मात्र मी आग्रही आहे. "सर, मले पाच-दहा मारायचं आहे," असं पोरगं पहिल्याच दिवशी सांगतं, कारण ५ मिनिटं १० सेकंदांत १६०० झालं की पूर्ण २० गुण. २०० मीटरच्या गोलावर हे आठ फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला पावणेएकोणचाळीस सेकंद. त्या पोराची आजची वेळ असते ६ मिनिटं २० सेकंद, फेऱ्याला साडेसत्तेचाळीस. हे अंतर बघूनच त्याचा धीर सुटतो, आणि जानेवारी उजाडेपर्यंत तो घोंगडीतून निघेनासा होतो. मी त्याला सांगतो, बाबू, डिसेंबरसाठी सहा मिनिटं लिही. सहा मिनिटं म्हणजे फेऱ्याला ४५ सेकंद. आजच्यापेक्षा एका फेऱ्यात अडीच सेकंद कमी, तेवढंच बघ. अडीच सेकंद त्याला दिसतात. पुढचं काय ते डिसेंबरची वेळ बघून ठरवू.

अविनाश साबळे आमच्या मैदानावर सगळ्यांना ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. फौजेत गेल्यावर तो ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, पळायला लागला. २०१८ साली ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ देऊन त्याने १९८१ पासून टिकून असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. तिथून तो स्वतःचेच विक्रम मोडत गेला आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर पोचला. मधे सहा वर्षं गेली, आणि एवढ्या मोठ्या धावपटूने त्यात कमावलेले सेकंद वीससुद्धा भरत नाहीत. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण गेलं ते ०.०५ सेकंदाने. हे मी पोरांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी मला ते सांगताना भरून येतं. दोन महिन्यांत पंधराच सेकंद कमी झाले म्हणून तोंड पाडून बसणाऱ्याला हे ऐकवायलाच हवं.

१० किलोमीटरला मी वेळेचं ध्येय देतच नाही. पहिल्यांदा पळणाऱ्याने न चालता पूर्ण करायचं. ज्याचं हे झालं आहे त्याने शेवटचा किलोमीटर पहिल्यापेक्षा हळू जाऊ द्यायचा नाही. धुकं असो, वारा असो, रस्ता उखडलेला असो, हे दोन्ही आपल्या हातात राहतं. सुरुवातीला जोरात सुटून चौथ्या किलोमीटरला कंबर धरून उभं राहणं हा आमच्या पोरांचा जुना रोग आहे आणि त्यावर याहून चांगलं औषध मला सापडलेलं नाही.

आता मन टिकवण्याचं. शहरातल्या लोकांचे पहाटे चारला उठण्याचे व्हिडिओ पोरं मोबाइलवर बघतात आणि तेच करायला जातात. ते आपल्यासाठी नाही. जंगलालगतच्या रस्त्यावर उजाडायच्या आत कुणीही पळायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास निघतो. त्याआधी जे काय करायचं ते गावातल्या मैदानावर, दिव्याखाली. रस्त्यावर जायचं ते उजेडात, चार-पाच जणांनी मिळून, कानात काही न घालता. वाघाचा विषय इथे रोजचा आहे आणि त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. बापाने पोराला रस्त्यावर सोडलं नाही तर बाप बरोबर आहे.

दुसरं, शेत. कापणी-बांधणी आणि चुरण्याच्या (मळणीच्या) दिवसांत पोरगं दिवसभर वाकून भारे उचलतं. त्या आठवड्यांत मी जोराची धाव लावत नाही. अर्धा तास हळू पळ, एवढंच. हळू म्हणजे सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतकं हळू. बापाला वाटतं मास्तर पोराला शेतातून पळवतो, पोराला वाटतं शेत मैदानातून पळवतं. दोघांची ही ओढाताण आधीच सोडवली नाही तर डिसेंबरमध्ये पोरगं दोन्हीकडून चिडतं. धान घरी आल्यावर, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वावरांत, लाखोरीची डाळ नि हरभरा हिरवा दिसायला लागला की मग खरा सराव.

आणि नाटक. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते आणि मंडई म्हटली की रात्रीचं नाटक. वडसा गावच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. पोरांनी ते बघू नये असं मी कधीच म्हणत नाही. आपल्या मुलखाचा हिवाळा त्याच्याशिवाय होत नाही. पोस्टर आधी लागतात, मग लांब पळण्याचा दिवस दोन दिवस आधी घ्यायचा आणि नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी. रात्रभर जागून सकाळी हट्टाने जोरात पळणाऱ्याची पोटरी धरते आणि आठवडा जातो.

इतकं सांभाळूनही उठावंसं वाटत नाही अशी सकाळ येतेच, विशेषतः जानेवारीच्या मध्यात. त्या दिवशी मनाला काही विचारायचं नाही. बूट घालायचे, मैदानावर यायचं, दहा मिनिटं अगदी सावकाश पळायचं. दहा मिनिटांनंतरही अंग नाही म्हणत असेल तर घरी जायची मोकळीक, मी एक शब्द बोलत नाही. जाणारे फार थोडे निघतात. आणि जो जातो त्याला बहुतेक वेळा ताप तरी असतो, नाहीतर झोप तरी झालेली नसते. त्याने जाणंच बरोबर.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मनाचा नसतोच. त्यांचं मन मुलांपेक्षा घट्ट असतं; अडचण सोबतीची असते. आमच्याकडे एका मुलीची आई रोज तिच्यासोबत येते. मैदानाच्या कडेला शेकोटीजवळ बसते, पदरात चिंचोके घेऊन. मुलगी एक फेरा पूर्ण करून समोरून गेली की एक चिंचोका उजवीकडून उचलून डावीकडे ठेवते. पहिल्या वर्षी बायका तिला म्हणायच्या, "काय वं बाई, पोरीले पळवून रायली." ती ऐकून घ्यायची आणि चिंचोका सरकवायची. आता तिच्या शेजारी आणखी दोघी येऊन बसतात, म्हणून त्यांच्याही मुली येतात. ज्या बापांना मुलीचं मन टिकवायचं आहे त्यांना मी सांगतो, घरातलं एक माणूस सकाळी तिच्यासोबत पाठवा. मी शिकवलेल्या कुठल्याही सरावापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

एक प्रश्न उरतो, तो मला सगळ्यांत जास्त लागतो. खुल्या गटात २८ वर्षं उलटली की पोलीस शिपाई भरतीचं दार बंद होतं, आणि त्याच दिवशी पोरगं पळणंही बंद करतं. दहा वर्षं कमावलेला दम दीड-दोन महिन्यांत उतरणीला लागतो. पोट सुटतं, मग खर्रा (तंबाखू-सुपारी) येतो, मग बाकीचं. त्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं. पळायचं ते भरतीसाठी, एवढंच त्याला सगळ्यांनी सांगितलेलं असतं. मी त्याला भेटून सांगतो की १० किलोमीटरच्या शर्यतीला वयाची वरची अट नाही, अर्धमॅरेथॉनला तर चाळिशीतली माणसंही विशीतल्यांना मागे टाकतात, कारण लांब पळण्याचा दम वयाने लवकर जात नाही. काही जण ऐकतात. जे ऐकतात ते सकाळी नव्या पोरांच्या पुढे पळतात, त्यांना वेग धरून देतात, आणि ते पाहून नव्यांचंही मन लागतं.

यंदाही २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेच्या फाटकापासून १० किलोमीटर ठेवतो आहोत. चांगलं उजाडलेलं असेल, रस्त्यावर सायकलवाले सोबत राहतील. फी नाही, मुली-मुलं एकत्र सुटतील, आणि २८ पार केलेल्यांची नावं मी आधी लिहून घेतो आहे.