सोसायटीच्या वहीत आधी दिसतं

डोंबिवली पूर्वेला आमची 28 घरांची सोसायटी आहे आणि मी तिची खजिनदार. नोकरीत आयुष्यभर हिशेब केले, म्हणून निवृत्तीनंतर हे काम माझ्याकडे आलं. कुठल्या घरात ओढाताण सुरू आहे, हे मला आता माणसांच्या बोलण्याआधी मेंटेनन्सच्या वहीत दिसतं. (इथली कोणतीही घरं ओळखू येऊ नयेत म्हणून मी तपशील बदलले आहेत.)

कुणी एकदम थकत नाही. दहा तारखेला येणारे पैसे पंचवीसला येऊ लागतात. मग दोन महिन्यांचे एकदम. मग अर्धेच, "ताई, बाकीचे पगार झाला की देते." त्यानंतर काहीच नाही, आणि जिन्यात समोरासमोर आलं की ती माणसं नजर चुकवतात. इथवर यायला वर्ष-दीड वर्ष जातं. बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागते तेव्हा घर आतून कधीच रिकामं झालेलं असतं.

मेंटेनन्सच आधी का थकतं? कारण ते थकलं तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही. गृहकर्जाचा हप्ता पाच तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो. शिल्लक नसेल तर बाउन्स होतो, कर्ज देणारा दंड लावतो आणि खातं असलेली बँकही लावते. वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन कनेक्शन तोडता येतं, म्हणून बिल कसंही करून भरलं जातं. मुलांची फी चुकवणं तर आईबापांना सहनच होत नाही. राहता राहिली सोसायटी आणि कोपऱ्यावरचा किराणावाला. हे दोघं थांबतात, म्हणून त्यांनाच थांबवलं जातं. म्हणून थकलेलं मेंटेनन्स म्हणजे बेफिकिरी असं कमिटीत कुणी म्हणालं की मला राग येतो. बहुतेक घरांत त्यामागे फार काळजीपूर्वक केलेला हिशेब असतो.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचं सांगते. तो भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर, ठेकेदाराकडून. ती घरी ब्लाउज शिवते. 2022 च्या सुरुवातीला त्यांनी 25 लाखांचं कर्ज काढलं, वीस वर्षांसाठी, सात टक्क्यांनी. हप्ता सुमारे 19,380 रुपये. घरभाड्यात थोडी भर घातली की स्वतःचं घर, असा त्यांचा साधा विचार, आणि तो चुकीचा नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, चार टक्क्यांवरून वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो साडेसहावर नेला. कर्ज बदलत्या दराचं, त्यामुळे त्यांचा दर साडेनऊच्या घरात गेला.

आता हा आकडा बघा. 25 लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचं नुसतं व्याज होतं 19,790. म्हणजे ठरलेल्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही. वर्षभरात त्यांची साठेक हजार मुद्दल फिटली होती, तरीही व्याज जाऊन हप्त्यातले मुद्दलीला जेमतेम साठ रुपये उरत होते. मुदत वाढत राहिली. त्यांना वाटत होतं, हप्ता तोच आहे म्हणजे सगळं ठीक आहे. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलला तर कर्जदाराला त्याचा परिणाम कळवायला हवा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडू द्यायला हवं. त्यानंतर यांना पत्र आलं. वीस वर्षांतच फेडायचं तर हप्ता तेवीस हजारांच्या पुढे.

महिन्याला चार हजार कुठून आणायचे? आधी भिशी बंद झाली. मग तिच्या पाटल्या पतपेढीत तारण गेल्या. मग ठेकेदार बदलला आणि त्याचा पगार दोन महिने लांबला. आमच्या वहीतला त्यांचा रकाना नेमका तिथून रिकामा आहे.

आमचं मेंटेनन्स महिना 2,200. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, तेव्हा थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येत होतं, आणि आमच्याकडे पूर्ण 21 लावलं जात होतं. वर्षभर काहीच भरलं नाही तर 26,400 मुद्दल आणि वर अडीच-तीन हजार व्याज. शिवाय आलेले पैसे आधी व्याजात वळते होतात, म्हणजे तिने शिलाईचे हजार रुपये आणून दिले तरी मूळ थकबाकी जवळपास जागच्या जागी. हा दर कमी करायचा अधिकार सर्वसाधारण सभेला असतो. मी तो 12 टक्क्यांवर आणायचा ठराव मांडला.

विरोध झाला, आणि तो करणारेही मला आपलेच वाटतात. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "आम्ही पेन्शनमधून वेळेवर भरतो ते काय दुसऱ्यांचं भागवायला?" त्यांचं खरं आहे. वॉचमनचा पगार, लिफ्टचा करार, उन्हाळ्यातले टँकर यांची बिलं थांबत नाहीत. तीन-चार घरं थकली की सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशांना, हात लागतो. सहकार कायद्याच्या कलम 154 ब-29 खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेता येतो, आणि ऐपत असून न भरणाऱ्या एका गाळेधारकाविरुद्ध आम्ही तसा अर्ज केलाही आहे. पण ऐपत नसलेल्याला आणि नियत नसलेल्याला एकच नोटीस पाठवायला मी तयार नाही. वहीत दोघांची चाल वेगवेगळी दिसते. पहिला कमी कमी भरत जातो, दुसरा एका महिन्यापासून एकदम बंद करतो.

ठराव मंजूर झाला. नावांची यादी बोर्डावरून काढायलाही सभेने होकार दिला. आता सलग दुसऱ्या महिन्याला पैसे आले नाहीत की सेक्रेटरी आणि मी संध्याकाळी घरी जाऊन बसतो. आधी कर्जाचं विचारतो, मेंटेनन्सचं नंतर. कारण हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, मग सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर वर्तमानपत्रातल्या ताबा सूचनांच्या पानावर नाव, पत्ता, फ्लॅट नंबरासकट. ते पान उघडलं की मी आधी डोंबिवलीचे पत्ते शोधते. बँकेत जायचं तर त्या 90 दिवसांच्या आतच जावं, हे मी प्रत्येकाला सांगते.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोघांबरोबर मी बँकेत गेले होते. मुदत पाच वर्षांनी वाढवून हप्ता त्यांना झेपेल इतका करून मिळाला. सोसायटीचे ते महिना 2,200 अधिक थकबाकीपोटी 800 देतात, आणि त्या आठशेची नोंद मी थेट मुद्दलीत करते. तशी परवानगी सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतली आहे. पाटल्या अजून पतपेढीतच आहेत.