दुपारी सव्वादोनचा वर्ग

ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला, किसननगरकडे जाणाऱ्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक छोटी संस्था वस्तीतल्या स्त्रियांसाठी दहावीचे आणि कामधंद्याच्या प्रशिक्षणाचे वर्ग चालवते. बँकेतून निवृत्त झाल्यावर, २०१९ च्या जूनपासून, करोनाचा काळ वगळता मी तिथे आठवड्यातून तीन दिवस गणित शिकवायला जाते. संस्थेचे नाव इथे लिहीत नाही, कारण ती चालवणाऱ्या ताईंना ते आवडणार नाही. देणगी मागायची वेळ आली की त्या स्वतः दारोदार फिरतात, पण संस्थेचा फलक मात्र एवढा लहान आहे की टपालवाल्यालाही तो पहिल्या खेपेस सापडला नव्हता.

मी रुजू झाले तेव्हा वर्ग सकाळी दहाला ठेवावा असे सुचवले होते. सकाळी डोके ताजे असते, गणितासारखा विषय तेव्हाच घ्यावा, हे माझे स्वतःच्या शाळेपासूनचे मत. ताईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मला वर्गातल्या एका बाईंचा दिवस सांगितला. पहाटे पाचला नळाला पाणी येते, ते भरायचे. मग डबे करायचे. साडेसातला घर सोडून पाचपाखाडीत तीन घरची धुणीभांडी, केर-फरशी आणि चौथ्या घरचा स्वयंपाक. एकच्या सुमारास घरी येऊन जेवण आणि मागची आवराआवर. साडेचारला मुले शाळेतून येतात आणि साडेपाचला संध्याकाळची दोन घरे असतात. मोकळा वेळ उरतो तो दुपारी सव्वादोन ते सव्वाचार, आणि तोही घरात पाहुणे किंवा आजारपण नसेल तर. संस्थेचे सगळे काम या दोन तासांत बसवलेले आहे. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे लावून ठेवलेले असते आणि ते तसे आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही त्याचा उपयोग होतो.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण स्त्रियांच्या प्रशिक्षणाच्या कितीतरी चांगल्या योजना माझ्या डोळ्यांदेखत याच ठिकाणी फसल्या आहेत. जवळच एका ठिकाणी काही वर्षांपूर्वी तीन महिन्यांचा, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असा, पूर्णपणे मोफत अभ्यासक्रम सुरू झाला होता. आमच्याकडच्या चौघी मोठ्या उत्साहाने तिकडे गेल्या आणि त्यांतल्या तिघी दहा दिवसांत परतल्या. अभ्यास त्यांना जड गेला नव्हता. धुण्याभांड्याचे घर आठवडाभर सोडले की तिथे दुसरी बाई लागते आणि ते घर पुन्हा मिळत नाही. तीन महिन्यांनी मिळणाऱ्या प्रमाणपत्रासाठी आजची चार घरे सोडणे कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. त्या अभ्यासक्रमाच्या अहवालात या तिघींची नोंद ‘गळती’ अशी झाली असणार.

दहावीच कशाला हवी, असे मला माझ्याच ओळखीतले लोक विचारतात. एखादी कला शिकवा, चार पैसे मिळतील, असे त्यांचे म्हणणे असते. वागळे इस्टेटची गंमत अशी आहे की ही एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, पहिली औद्योगिक वसाहत. महामंडळाची स्थापना १९६२ ची, आणि आमच्या वर्गातल्या अनेकींचे सासरे किंवा वडील तेव्हाच्या पुढच्या दोन-तीन दशकांत सातारा, रत्नागिरी किंवा मराठवाड्यातून ‘कंपनीत’ लागण्यासाठी इथे आले. तेव्हा कंपनीत लागायला ओळख आणि अंगातली ताकद पुरत असे. आता त्यांतल्या बऱ्याच कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि तिथे साफसफाईच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईलाही कंत्राटदार दहावीची गुणपत्रिका विचारतो. अंगणवाडीत मदतनीस व्हायचे तर आता किमान बारावी लागते. परिचारिकेच्या अगदी प्राथमिक, म्हणजे एएनएमच्या अभ्यासक्रमालाही बारावीच लागते. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या बाईला या सगळ्या दारांपाशी पोहोचण्यासाठी आधी दहावीचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडण्याचा आमचा नेहमीचा मार्ग म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म.

सतरा नंबर म्हणजे खासगीरीत्या, शाळेत नियमित न जाता, राज्य मंडळाच्या परीक्षेला बसण्याचा अर्ज. किमान पाचवी उत्तीर्ण झालेली आणि मधूनच शाळा सोडलेली व्यक्ती तो भरू शकते. वयाला वरची मर्यादा नाही. आमच्या वर्गात त्रेपन्न वर्षांच्या एक मावशी आहेत. परीक्षेचा अभ्यास पुढची गोष्ट झाली, पहिली लढाई कागदांची असते. अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि तो असतो गावच्या शाळेत. मूळ दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत काढायची, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचे. त्यासाठी गावी जायचे म्हणजे दोन दिवसांचे खाडे आणि प्रवासखर्च, शिवाय ‘या वयात दाखला कशाला हवा?’ या प्रश्नाला भावकीसमोर उत्तर. दाखला हाती आल्यावर कळते की त्यावर माहेरचे नाव आहे, आधार कार्डावर सासरचे, आणि बँकेच्या पासबुकावर तिसरेच काहीतरी, कारण तिथल्या कारकुनाने ऐकले तसे लिहून घेतले. (तीस वर्षे मीही त्याच खुर्चीत बसले आहे, तेव्हा या बाबतीत फार मोठ्याने बोलण्याचा अधिकार मला नाही.) आमच्याकडे दर वर्षी ऑगस्टपासून एक टेबल केवळ या कामासाठी असते. निवृत्त झालेले एक तलाठी भाऊ तिथे बसतात आणि कोणता कागद कुठल्या कार्यालयातून, कोणत्या क्रमाने काढायचा हे प्रत्येकीला वहीच्या पानावर लिहून देतात. माझ्या मते संस्थेतले सर्वांत मोलाचे शिक्षण त्या टेबलावर होते, जरी कोणत्याही अहवालात त्याला स्वतंत्र रकाना नसला तरी.

दाखल्यांमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. वर्गातल्या जवळजवळ निम्म्या जणींची जन्मतारीख १ जून आहे. ज्यांनी खेड्यातल्या जुन्या शाळा पाहिल्या आहेत त्यांना हे नवे नाही. आईवडिलांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. आमच्याकडे त्यामुळे १ जूनला एकच मोठा वाढदिवस होतो. शिरा सगळ्यांसाठी असतो आणि खरी तारीख जिला माहीत आहे तीही त्यात बिनतक्रार सामील होते.

आता गणिताविषयी. दहावीच्या बीजगणितात ‘अंकगणिती श्रेढी’ नावाचे प्रकरण आहे आणि ते शिकवायला मी धास्तावले होते, कारण शब्दच असा आहे की ऐकणाऱ्याने वही मिटावी. एके दुपारी सूत्र फळ्यावर न लिहिता मी नुसता प्रश्न विचारला: एका बाईने पहिल्या महिन्यात १०० रुपये बाजूला टाकले आणि मग दर महिन्याला आधीपेक्षा २० रुपये जास्त टाकत गेली, तर वर्षाअखेर तिच्याजवळ किती जमतील? सगळ्या जणी बोटांवर बेरजा करू लागल्या. वस्तीत बारा वर्षे भिशी चालवणाऱ्या मावशी मात्र भिंतीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या मिनिटाने त्या म्हणाल्या, “दोन हजार पाचशे वीस.” कसे काढले ते विचारल्यावर त्यांनी पदर सावरत सांगितले, “मॅडम, पहिला हप्ता शंभराचा, शेवटचा तीनशे वीसचा. दोन्ही मिळून चारशे वीस. दुसरा आणि अकरावा धरला तरी चारशे वीसच. अशा सहा जोड्या. त्यात काय?” पुस्तकातले सूत्र नेमके हेच सांगते. मी ते त्यांच्या वाक्याच्या खाली लिहिले आणि कोणते अक्षर त्यांच्या कोणत्या शब्दासाठी आले आहे ते बाणांनी दाखवले. त्या प्रकरणाची भीती त्या दिवशी वर्गातून गेली, माझीही गेली.

पण त्याच मावशींना एक गोष्ट ठाऊक नव्हती. वस्तीत व्याजाचा भाव ‘शेकडा तीन’ असा सांगितला जातो, म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. दहा हजार उचलले की महिन्याला तीनशे, आणि ते नियमित दिले जातात म्हणून कोणाला काही खटकत नाही. मी वर्षाचा हिशेब मांडायला सांगितला. ३,६०० रुपये व्याज गेले आणि दहा हजार मुद्दल जसेच्या तसे उभे, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बँकेच्या कर्जाचा दर वर्षाचा असतो आणि सावकाराचा महिन्याचा, त्यामुळे बँकेचे ‘बारा’ मोठे आणि सावकाराचे ‘तीन’ लहान वाटतात, हे वर्गातल्या कोणाच्याही लक्षात आलेले नव्हते. त्या दिवशी बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढच्या तासाला तिघींनी घरातल्या कर्जाचे कागद आणले, आणि ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आम्ही जीएसटीच्या उदाहरणांऐवजी त्या कागदांवरून सुरू केले. जीएसटी नंतर केला. परीक्षेत तोच येतो.

दुसऱ्या खोलीत शिवणाचा वर्ग चालतो, आणि त्याविषयी माझे मत थोडे कडवट आहे. शिलाई मशीन ही देणगीदारांची सर्वांत आवडती वस्तू आहे. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करावी लागते, आणि ठाण्याच्या आसपास अशा कंपन्या पुष्कळ आहेत. मशीन दिली की तिच्यावर कंपनीचे नाव रंगवता येते, फीत कापता येते, छायाचित्र चांगले येते. खोलीचे भाडे, शिवण शिकवणाऱ्या बाईंचे मानधन, वीजबिल आणि तेलसुईचा खर्च यांचे छायाचित्र येत नाही. एका कंपनीने आम्हाला आठ मशीन दिल्या, तेव्हा आमच्याकडे आधीच्या सहा होत्या आणि जागा पाचांची होती. त्यातही त्या घरगुती, पायाने चालवायच्या. तयार कपड्यांच्या कारखान्यात विजेवरच्या जलद मशीनवर हात बसलेला लागतो. ताईंनी त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना मशीनऐवजी दोन वर्षांचे भाडे द्याल का, असे विचारले होते. ते गृहस्थ भले होते. तशी तरतूद बसत नाही, असे त्यांनी दोनदा दिलगिरी व्यक्त करून सांगितले.

अशा चर्चांत कोणीतरी हमखास म्हणते, “लिज्जतसारखे काहीतरी करा.” १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. मात्र तिथे पापड लाटायला कोणी कोणाला शिकवले नव्हते. ते त्यांना येतच होते. भिजवलेले पीठ केंद्रातून घरी न्यायचे, आपल्या सवडीने लाटायचे, परत आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची, ही व्यवस्था आणि पापड विकला जाईल याची हमी, या दोन गोष्टींनी तो उद्योग उभा राहिला. सवडीने, हा शब्द मला त्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या शिवणाच्या वर्गातून बाहेर पडलेल्यांपैकी ज्यांचे बरे चालले आहे, त्या फॉल-पिको आणि ब्लाउजची कामे घरी बसून करतात, आणि त्यांना पहिली गिऱ्हाइके मिळवून दिली ती त्या धुणीभांडी करत होत्या त्याच घरांनी.

लहान मुलांसाठी मधल्या पॅसेजमध्ये सतरंजी घातलेली असते आणि वर्गातल्याच एकीची सासू त्यांना सांभाळते. सुरुवातीला ही सासू सुनेने शिकण्याच्या पूर्ण विरोधात होती. ताईंनी तिचे मन वळवण्याच्या फंदात न पडता तिला महिना ठराविक मानधनावर हे काम दिले. आता सून एखाद्या दिवशी कंटाळली तर सासूच तिला ओढून आणते, कारण वर्ग बंद पडला तर तिचेही मानधन बंद होणार.

मागच्या मार्चच्या परीक्षेला अकरा जणी बसल्या आणि सात उत्तीर्ण झाल्या. राहिलेल्या चौघींपैकी तिघींचा इंग्रजी राहिला आणि एकीचा, माझ्या दुर्दैवाने, गणित. ती मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार होती. भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री तिच्या नवऱ्याला दवाखान्यात दाखल करावे लागले आणि ती पेपरला गेलीच नाही. पुरवणी परीक्षेसाठी तिने अर्ज भरला आहे. सात जणींपैकी दोघींनी अकरावीला नाव घातले, एक रुग्णसेविकेच्या प्रशिक्षणाला गेली, एकीने संध्याकाळची घरे सोडून एका दुकानात हिशेब लिहायचे काम घेतले. उरलेल्या तिघी होत्या तीच कामे करत आहेत. त्यांतल्या एकीला मी विचारले की मग दहावीचा उपयोग काय झाला, तर ती म्हणाली, “मॅडम, मुलाच्या शाळेत फॉर्मवर आईचे शिक्षण लिहायचा रकाना असतो ना.”

गेल्या महिन्यात वस्तीतली पाण्याची वेळ बदलली. आता दुपारीही अर्धा तास पाणी येते, दोन ते अडीच. त्यामुळे वर्ग पावणेतीनला सुरू होतो, अर्धा तास कमी मिळतो, आणि घड्याळ पाचऐवजी दहा मिनिटे पुढे लावले आहे.