तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मुलं सांगतात ते तू आईवडिलांना सांगतेस का?’

तासगावला गेले की आत्या एकदा तरी हे विचारतेच. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या महाराष्ट्र मंडळात नवी ओळख झाली की तिथंही कोणीतरी विचारतं. काम काय करते ते सांगून होतं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मुलं तुझ्याजवळ मन मोकळं करतात, ते तू त्यांच्या आईवडिलांना सांगतेस का?” सांगते म्हटलं तर काहींचा चेहरा पडतो, पोरानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर गेलं म्हणून. नाही म्हटलं तर आईबाप असलेली मंडळी अस्वस्थ होतात. आजवर मी चहाचा कप संपेपर्यंत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज नीट उत्तर देते.

मी कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या आसपासच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. आमची बरीचशी मुलं मेक्सिकोतून आलेल्या घरांतली आहेत. आईवडील द्राक्षांत, बदामांत, नाहीतर पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला असतात. ऑगस्टच्या शेवटी इथं वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून त्यावर घड वाळत घालतात. आमच्याकडं बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर होतो, इथं थेट मातीजवळ, उन्हात. वाण मात्र तोच, थॉमसन. पहिल्या वर्षी तो गोडसर, किंचित आंबूस वास आला आणि मला वाटलं, या माणसांना मी ओळखते. ती समजूत अर्धी खरी निघाली. उरलेली अर्धी मला मुलांनी शिकवली.

आधी कायदा सांगते, कारण तो कमी शब्दांत सांगता येतो. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात ४९६०२ क्रमांकाचं कलम आहे. बारा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या विद्यार्थ्यानं काउन्सेलरला सांगितलेली खासगी गोष्ट गोपनीय मानायची, असं ते म्हणतं. त्याला अपवाद आहेत: मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय, कोणाच्या जिवाला धोका, आणि आणखी काही. आईवडिलांना सांगितल्यानं मुलालाच स्पष्ट धोका होईल असं मानायला कारण असेल, तर त्यांनाही सांगायचं नाही, हेही त्यातच आहे. म्हणून नवं मूल खोलीत आलं की त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणते, “तू सांगशील ते इथंच राहील. पण तुला कोणी इजा करत असेल, तू स्वतःला करणार असशील, किंवा दुसऱ्या कोणाला करणार असशील, तर मला गप्प बसता येणार नाही.” हे आधी न सांगता मुलाला बोलतं करणं मी फसवणूक मानते. हे ऐकून काही मुलं उठून जातात. जाऊ देते.

पण आत्याच्या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललेली आहे. गुपित मुलाचं असतं आणि ते आईवडिलांपासून लपवायचं असतं. प्रेमप्रकरण, सिगारेट, नापास झालेला पेपर. अशी गुपितं येतात, नाही असं नाही. पण जी मुलं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून बराच वेळ बोलतच नाहीत, त्यांच्याजवळचं गुपित बहुतेकदा त्यांचं स्वतःचं नसतं. ते घराचं असतं. आईनं शाळेच्या पहिल्या दिवशी वेणी घालता घालता बजावलेलं असतं, “कोणाला सांगू नकोस.” वडिलांकडे या देशात राहण्याचे कागद नाहीत. मामाला इमिग्रेशनवाल्यांनी नेलं. गाडी चालवायची पण पोलिसांसमोर थांबायची वेळ येऊ द्यायची नाही. ही मुलं माझ्याजवळ बोलतात तेव्हा ती आईवडिलांपासून काही लपवत नसतात, आईवडिलांनी सांभाळायला दिलेलं काहीतरी मला दाखवत असतात. दाखवून झालं की अपराधी चेहऱ्यानं निघून जातात.

स्पॅनिशमध्ये ‘कोन्फियान्सा’ असा शब्द आहे. नुसता विश्वास म्हटलं की तो पुरा होत नाही, त्यात आपलेपणाही येतो. ‘एदुकासिओन’ म्हणजे शिक्षण, पण मूल ‘बिएन एदुकादो’ आहे असं एखादी आई म्हणते तेव्हा तिला चांगले संस्कार झालेलं मूल म्हणायचं असतं. मळके कपडे घरातच धुवावेत, ही म्हण तिकडे आहे, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्या घरातून मी आले. ‘तू’ हा शब्द तर उच्चारासकट दोन्ही भाषांत एकच आहे. आपल्या ‘तुम्ही’ला त्यांच्याकडे ‘उस्तेद’ आहे. मुलं मला उस्तेद म्हणतात. एखादं मूल बोलता बोलता चुकून ‘तू’वर आलं तर मी मनात नोंद करते की आज काहीतरी सैल झालं.

फक्त मनात. कागदावर नोंद करण्याची चूक मी एकदा केली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर खरं होणार नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होते. नववीतली मुलगी, वय चौदा, अभ्यासात उत्तम. अचानक गैरहजेरी वाढली. तिसऱ्या भेटीत तिनं सांगितलं की वडिलांना कामावर जाताना पकडलं, आणि आता ते सीमेपलीकडे आहेत. धाकट्या भावाला शाळेत सोडायला ती जाते, म्हणून तिचा पहिला तास बुडतो. मला वाटलं, शिक्षकांना कारण कळलं तर ते तिला सांभाळून घेतील. मी शाळेच्या संगणकात हजेरीच्या शेऱ्यात एक ओळ लिहिली. वडिलांना देशाबाहेर पाठवलं आहे, सहानुभूतीनं घ्यावं. एवढंच. दोन दिवसांनी एका शिक्षकानं वर्गात, सगळ्यांसमोर, अगदी मनापासून तिला म्हटलं, “तुझ्या बाबांचं ऐकलं. काही लागलं तर सांग.”

ती माझ्या खोलीत पुन्हा आली नाही. जिन्यात भेटली की ‘गुड मॉर्निंग, मिस’ म्हणायची, सभ्यपणे, उस्तेदच्या अंतरावरून. मी तो शेरा काढायला लावला, पण तोवर तो किती जणांनी वाचला होता याचा पत्ता लागला नाही. त्या शिक्षकाला मी दोष देत नाही. त्याच्यापर्यंत ती ओळ मी पोचवली होती. पहिला तास बुडण्याला घरगुती कारण आहे, तिला उशिराची मुभा द्या, एवढं लिहून काम झालं असतं. शिक्षकाला मुभा द्यायला वडिलांचा ठावठिकाणा लागत नव्हता.

खरं तर त्या घराला शाळेत सुरक्षित वाटावं म्हणून या देशात मोठी लढाई झालेली आहे. टेक्सासनं १९७५ साली कायदा केला की कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या शिक्षणाला सरकारी पैसा मिळणार नाही. मग टायलर गावच्या शाळांनी १९७७ मध्ये अशा मुलांमागे वर्षाला एक हजार डॉलर मागितले. हातावर पोट असलेल्या घरांनी ते कुठून आणायचे? काही कुटुंबांनी कोर्टाची पायरी चढली, आणि १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की कागद असोत नसोत, या मुलांना सार्वजनिक शाळेचं दार बंद करता येणार नाही. ‘प्लायलर विरुद्ध डो’ म्हणतात तो हा खटला. कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्यानं शाळांना मुलांच्या इमिग्रेशनची माहिती गोळा करायला मनाई केली. म्हणजे विचारायचं नाही, हे ठरलेलं आहे. पण विचारलेलं नसताना जे कानावर पडतं, त्याचं काय करायचं, ते माझं मला ठरवावं लागतं.

१९७४ च्या केंद्रीय कायद्यानं पालकांना मुलाच्या शालेय नोंदी बघण्याचा हक्क दिला आहे. मी फक्त स्वतःच्या आठवणीसाठी केलेल्या टिपा त्यात येत नाहीत, पण त्या दुसऱ्या कोणाला दाखवल्या की ते संरक्षण गेलं. मी आता वहीत फक्त तारीख आणि वेळ लिहिते. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, चर्च यांच्या आवारात धरपकड टाळण्याचं केंद्राचं जुनं धोरण मागं घेतलं गेलं, तेव्हा मी मागच्या वर्षांच्या वह्या काढून रात्रभर चाळत बसले होते. कुठं काही राहिलं आहे का, ते बघत.

अत्याचाराचा संशय आला तर मात्र मला निवड नाही. लगेच सरकारी यंत्रणेला फोन करायचा आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यायचा. घराकडे कागद नाहीत, फोन केल्यानं काय काय उघडं पडेल, हा हिशोब करायला कायदा मला सवड देत नाही, आणि देऊही नये असं माझं मत आहे. असा हिशोब करत बसले तर मूल मागं पडेल, अशी मला माझ्याच मनाची भीती वाटते. पट्ट्याचे वळ असलेल्या एका मुलाला मी नेहमीचं वाक्य ऐकवलं, तर तो म्हणाला, “माहीत आहे, मिस,” आणि मग त्यानं बाही वर केली.

सगळ्यात अवघड वेळ आली ती भाषेमुळे. आमच्या भागात मेक्सिकोतल्या ओहाका राज्यातून आलेली, मिश्तेको या आदिवासी समाजाची कुटुंबं पुष्कळ आहेत. बाहेरच्यांना ती सगळी स्पॅनिश बोलणारी वाटतात, पण घरात मिश्तेको चालते, आणि स्पॅनिश त्यांनाही आपण इंग्रजी शिकतो तशी शिकावी लागते. अशा घरातली एक सोळा वर्षांची मुलगी. तिनं हातावर ब्लेड चालवलं होतं. इथं गप्प राहणं शक्यच नव्हतं, आईला बोलावणं भाग होतं. आई आली, शेतावरूनच आली असावी, डोक्याचा रुमाल तसाच होता. मी दुभाष्याच्या सेवेला फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, दोन वाक्यं मिश्तेकोत झाली आणि आईचा चेहरा खुलला. एकाच गावच्या निघाल्या. त्याच क्षणी मुलीनं माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

मी कारण सांगून फोन ठेवला. दुसऱ्या गावचा दुभाषी मागायचा, तर मिश्तेको गावागणिक इतकी बदलते की दूरच्या गावचं बोलणं आईला कळेलच असं नव्हतं. कळणारी दुभाषी हवी तर ती ओळखीची निघणार. मुलीलाच भाषांतर करायला लावणं तर शक्यच नव्हतं. आपल्या हाताबद्दल आपल्याच आईला तिनं माझे शब्द सांगायचे? आम्ही तिघी काही वेळ नुसत्या बसून होतो.

मग मी मुलीला इंग्रजीत विचारलं, “आईला कळायला तर हवंच. कसं सांगायचं, ते तू ठरवतेस का?” आईला बाजारापुरती स्पॅनिश येत होती. मी मोडके, छोटे शब्द वापरायला लागले. ती उदास आहे. रात्री झोपत नाही. डॉक्टरांकडे जायला हवं. मुलीनं मध्येच हात पुढं केला. आईनं तो धरला, उलटा केला, आणि अंगठा व्रणांवरून हळू फिरवला. पुढचं त्या दोघी मिश्तेकोत बोलल्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. निघताना आईनं मला स्पॅनिशमध्ये एवढंच विचारलं, “तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?” कालपासून, मी म्हटलं. ते खरं होतं. पण तिच्या जागी एखादी दुसरी आई असती आणि मला तीन आठवडे माहीत असतं, तर? तशीही वेळ आली आहे. त्या आईचा राग मी ऐकून घेतला आणि कायद्याचं कलम तिच्यापुढं ठेवलं नाही. मुलीच्या बाजूनं मी बरोबर होते. ती आईही चुकत नव्हती.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. आईवडिलांना सांगावं लागणार असेल तर मुलाच्या पाठीमागं सांगत नाही. मूल शेजारी बसलेलं असतं, आणि जमेल तेवढं तेच बोलतं.

आता गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट, म्हणजे आत्याला प्रश्न उलटा का असतो ते कळेल. बारावीतला मुलगा, जन्म इथलाच, गुण उत्तम. कॉलेजसाठी केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज भरायचा होता. त्याला हक्काचे पैसे मिळाले असते. पण त्या अर्जात आईवडिलांची नावं आणि कमाई लिहावी लागते. त्यानं अर्धा अर्ज भरून थांबवला होता. कारण विचारलं तर म्हणाला, “विसरलो.” तीन वेळा विसरलो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “ते माझं नाही, मिस. त्यांचं आहे.”

माझं सगळं शिक्षण सांगत होतं की मुलाचं हित बघ, त्याला पुढं ढकल. पैसे त्याचे, भविष्य त्याचं. पण सही झाली असती तर जोखीम त्याच्या वडिलांनी उचलली असती, आणि ती किती मोठी आहे हे मी त्यांना छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. मी त्याला म्हटलं, हे आपण दोघांनी ठरवायचं नाही. घरी विचार.

दुसऱ्या दिवशी वडील आले. टोपी हातात धरून, उभेच. बसा म्हटल्यावर बसले. मी दोन्ही अर्ज समोर ठेवले, केंद्राचा आणि राज्याचा. कशात काय द्यावं लागतं, कशातून काय मिळतं, ते सांगितलं. मोफत कायदेशीर सल्ला मिळतो तिथला नंबर लिहून दिला. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “मिस, तुमचा मुलगा असता तर तुम्ही काय केलं असतं?”

माझ्या पासपोर्टावर व्हिसाचे शिक्के आहेत. असा प्रश्न माझ्या घरात कधी आलाच नसता. मी तसंच सांगितलं. ते मान हलवून हसले, मुलाकडे बघितलं, आणि कागद घडी करून आतल्या खिशात ठेवले. राज्याच्या मदतीची तारीख २ मार्च होती, त्याला अकरा दिवस होते. दारापाशी थांबून त्यांनी मुलाला स्पॅनिशमध्ये हळूच काहीतरी विचारलं. मुलगा म्हणाला, “नाही पपा, तिनं कुठंच लिहिलेलं नाही. मी बघितलं.”