तुम्ही विचारलंत म्हणून: घर बदलताना आधी काय, लाईट की गॅस?

बारा वर्षांत आम्ही सोलापुरातच चार घरं बदलली. तीन भाड्याची आणि चौथं हे जुळे सोलापुरातलं, स्वतःचं. त्यामुळे नात्यात, बिल्डिंगमध्ये कुणाचं शिफ्टिंग निघालं की फोन मला येतो, की काकू, बिलांचं वगैरे काय काय करायचं असतं, सुरुवात कुठून करू, लाईट की गॅस? दर वेळी फोनवर तुकड्या तुकड्यात सांगते, आज सगळं एकदाच लिहून टाकते.

सुरुवात पाण्यापासून करा. लाईट नाही, गॅस नाही, पाणी. सोलापुरात घर बघायला गेलं की आपण हॉल किती मोठा, बाल्कनी आहे का, हे बघतो आणि नळाच्या पाण्याची पाळी कधी असते हे विचारायचंच राहतं. उजनी धरणातून शंभरेक किलोमीटरवरून येणारं पाणी, शिवाय टाकळीचं आणि हिप्परग्याच्या तलावाचं, एवढं असून नळाला रोज येत नाही हे आपल्याला काय नवीन आहे. पण नवीन माणूस फसतो तो वारात. पाणी चार दिवसांआड असलं तर वार एक राहत नाही, आज मंगळवारी आलं तर पुढचं रविवारी, त्यात कुठं पाईपलाईन फुटली किंवा पंपाची लाईट गेली की अजून एक दिवस पुढं. म्हणून शेजारच्या काकूंना वार विचारू नका, "शेवटचं कधी आलतं वो, किती वाजता आलतं आणि किती वेळ होतं?" हे विचारा. आणि कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा, पुढं मोजत जा. दुसऱ्या घरात आम्ही टेम्पो नेमका पाळी होऊन गेल्यावर आणला, खालची टाकी रिकामी, सामान धुळीत, पोरं लहान. पहिले तीन दिवस शेजारणीच्या घागरींवर काढले, ती माऊली एका शब्दानं काही बोलली नाही पण मला फार लागलं ते. तेव्हापासून शिफ्टिंगची तारीख मी पाळी बघूनच ठरवते, पाळीच्या आदल्या दिवशी टाकी धुऊन घ्यायची, दुसऱ्या दिवशी भरली की सामान आणायचं. मुहूर्त बघायचा तर जरूर बघा, पण पाळीच्या पुढचा बघा.

आता लाईट. जुन्या घरातून निघताना आणि नव्यात शिरताना, दोन्हीकडं मीटरचा फोटो काढायचा, मीटरचा नंबर आणि रीडिंग दोन्ही दिसेल असा, आणि तिथंच उभं राहून घरमालकाला व्हॉट्सॲप करायचा म्हणजे तारीख वेळेसकट नोंद राहते. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो आणि चार आकडी बीयू, म्हणजे बिलिंग युनिट, हे दोन्ही लिहून ठेवा, ऑनलाईन भरताना, तक्रार करताना लागतात. जुन्या घराचं बिल मोबाईलमध्ये ऑटो-पेला लावलेलं असेल तर ते आठवणीनं बंद करा, नाहीतर दुसऱ्याची लाईट तुम्ही भरत राहाल.

अपार्टमेंट असेल तर अजून एक काम, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. खाली पार्किंगमध्ये पंधरा-वीस मीटर एका ओळीत असतात, वरचे फ्लॅट नंबर पेंटनं लिहिलेले, निम्मे पुसलेले. एकानं घरात थांबून मेन स्विच पाडायचा, दुसऱ्यानं खाली मीटरसमोर उभं राहायचं. मीटरवरचा बारीक लाल दिवा लुकलुकायचा थांबला तर मीटर तुमचा. आमचा थांबला नाही! थांबला तो शेजारचा. म्हणजे इतकी वर्षं आमच्या फ्लॅटचं बिल शेजारी भरत होते आणि शेजाऱ्यांचं आमच्या फ्लॅटचे आधीचे मालक, कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. ते दुरुस्त करून घ्यायला दोन महिने गेले, पण शेजाऱ्यांशी वाकडं यायच्या आत झालं हे महत्त्वाचं. पाच मिनिटांची गोष्ट आहे, कराच.

घर विकत घेतलं असेल तर खरेदीखत झालं म्हणजे सगळीकडं नाव लागलं असं धरून चालू नका. लाईट बिलावर वेगळं, महापालिकेच्या मिळकत कराला वेगळं, पाणीपट्टीला वेगळं, प्रत्येक ठिकाणी जाऊन बघायचं. इंडेक्स टूच्या, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याच्या, चार-पाच झेरॉक्स एकदमच काढून ठेवा. आणि मागची थकबाकी शून्य असल्याच्या पावत्या व्यवहाराच्या आधी मागा, नंतर मागितल्या तर माणूस फोन उचलत नाही.

गॅसचं त्यामानानं सोपं. गावातल्या गावात, कंपनी तीच असेल तर पत्ता बदलून घ्यायचा, लांब गेला असाल तर जवळच्या एजन्सीकडं कार्ड वळवून घ्यायचं. फक्त मोबाईल नंबर तपासा. सिलिंडर देताना कोड विचारतात, आणि आमचं कार्ड सासऱ्यांच्या बंद पडलेल्या सिमवर होतं. नेटवाल्याचा डबा परत केला तर पावती घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका, आमचं डिपॉझिट तेवढ्या एका चिठ्ठीपायी अडकलं ते आजतागायत.

माझे वडील मिलमध्ये कारकून होते. घरात दाराआड एक वाकडी तार टांगलेली असायची, आलेलं प्रत्येक बिल भरलं की त्या तारेत खोवायचे, वर्षाचं वर्ष. कुणी काही विचारलं की तार खाली, दोन मिनिटांत पावती हातात. माझ्याकडं तार नाही, एक दोनशे पानी वही आहे, प्रत्येक घराला एक पान, त्यावर सगळे नंबर, रीडिंग, डिपॉझिट, कुणाला काय दिलं. काम तेच.

शेवटी दूधवाला आणि पेपरवाला, यांचा हिशोब निघायच्या दिवशीच मिटवायचा, कॅलेंडरवरचे खाडे मोजून, समोर बसवून. "राहू द्या की वो ताई, पुढं बघू," असं म्हणतील, तरी द्या. या घरात येताना मी जुन्या घरातलं कॅलेंडर तिथंच खिळ्याला ठेवून आले, दुधाचे खाडे खोडलेले, आणि पाण्याच्या तारखांना निळे गोल, पुढच्या महिन्याच्या पानावरसुद्धा अंदाजानं केलेले. नव्या भाडेकरूबाईंचा पंधरा दिवसांनी फोन आला, "तिसरा गोल एक दिवस चुकला बघा, बाकी बरोबर."