आठ की दहा? दुर्बीण ठेवायची ठरवण्याआधी

मला रानपिंगळा हे छोटं घुबड पाहायचंय. १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं ज्याचा पत्ता नव्हता, तो हा पक्षी १९९७ साली आपल्या खानदेशातच, शहाद्याजवळ पुन्हा सापडला. गावातल्या ठिपकेदार पिंगळ्याशी त्याची गल्लत होते. ठिपकेदाराच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. त्यामुळे दुर्बिणीसाठी माझी अट ठरलेली होती: हे ठिपके स्पष्ट दिसले पाहिजेत.

एकाच कंपनीच्या ८×४२ आणि १०×४२ अशा दोन्ही मागवल्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. परत करायच्या मुदतीत एक ठेवायची, दुसरी पाठवायची.

आधी डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची सोय. उजवं भिंग झाकून मधल्या चाकीने डाव्या डोळ्याला चित्र नीट केलं, मग डावं झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवली. हे न करता दोन दुर्बिणींची तुलना करण्यात अर्थ नाही. मग समोरच्या पाण्याच्या टाकीची आडवी कड पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब नेली. दोन्ही नळ्यांत ती कड एका रेषेत राहिली. ती वरखाली झाली असती, तर आतले काचेचे प्रिझम सरकलेले म्हणून दुर्बीण लगेच परत केली असती. डोकं त्यानेच दुखतं.

ही सगळी तपासणी सकाळीच करावी. आपल्याकडे दहा वाजल्यानंतर जमिनीवरून झळा उठतात आणि चांगल्या भिंगातूनही सगळं थरथरताना दिसतं.

मला चष्मा आहे. डोळ्यांकडचे रबरी कप खाली दुमडून पाहिलं, तर आठच्या दुर्बिणीत वर्तुळ पूर्ण दिसलं. दहाच्या दुर्बिणीत मात्र कडा काळ्या पडत होत्या. आभाळासमोरच्या विजेच्या तारेला दोन्हींत जांभळी किनार होती, दहात जरा जास्त.

खरी परीक्षा कडुनिंबाच्या ढोलीतल्या पिंगळ्याने घेतली. दिवेलागणीला तो बाहेर येऊन बसला. गच्चीच्या कठड्यावर टेकवल्यावर दहाची दुर्बीण सरस ठरली: कपाळावरचे बारीक ठिपके सुटे सुटे, पिवळे डोळे, पांढऱ्या भुवया. मी हरखलो. पण हातात धरली की तेच ठिपके एकमेकांत मिसळायचे. आठात पिंगळा लहान, पण चित्र स्थिर, त्यामुळे ठिपके मोजता येतील इतके साफ. अंधारू लागल्यावर फरक आणखी वाढला. ४२ला ८ने भागलं की ५.२५, १०ने भागलं की ४.२, डोळ्यात जाणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही मिलिमीटरमधली रुंदी, म्हणून अंधारात आठातलं चित्र जास्त उजळ. आबांना काही न सांगता दोन्ही दिल्या. ते म्हणाले, “ही राहू दे, हिच्यात लवकर सापडतो.” हातात आठची होती.

तरी हतनूर धरणावर दोन्ही नेल्या. पाण्यातली लांबची बदकं दहातून ओळखू आली, हे मान्यच करायला हवं. तिथे एका गुराख्याने विचारलं, “काय पाहून राह्यले भाऊ?” त्याच्या हातात आठची दिली, त्याने क्षणात उडता चक्रवाक पकडला. मला धरणावर बसायचं असतं, तर दहाची ठेवली असती. पण मला सातपुड्यात सागाच्या फांद्यांमधून झटकन पक्षी शोधायचा आहे, तोही चष्मा लावून, टेकायला काही नसताना.

दहाची दुर्बीण झाकणं, पट्टा, पुसायचं कापड सगळं मोजून खोक्यात भरून परत पाठवली. आलेल्या पैशांतून आठसाठी छातीवर बांधायचा पट्टा घेतला. आता यावलच्या जंगलात जायची परवानगी काढतोय.