दक्षिण बेटाची आखणी: न्यूझीलंड, दोघं, एक गाडी, चौदा रात्री

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाची आखणी आम्ही ठिकाणांची यादी करून सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी ती यादी बाजूला ठेवली. टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड (उंच कड्यांमधली समुद्राची खाडी), वानाका, फ्रान्झ जोसेफ ही सगळी नावं नकाशावर जवळजवळ दिसतात, पण मध्ये सदर्न आल्प्सची रांग उभी आहे. पूर्वेकडून पश्चिम किनाऱ्यावर जायला गाडीवाटा तीनच: लुइस, आर्थर्स आणि हास्ट या खिंडींतून. मिलफर्डचा रस्ता तर तिथेच संपतो. गेलात त्याच वाटेने मागे यायचं. म्हणून ठिकाणं मोजायचं सोडून आम्ही रात्री मोजायला घेतल्या. हातात किती रात्री आहेत आणि प्रत्येक रात्रीनंतरच्या दिवशी किती उजेड मिळणार, हे दोन आकडे कागदावर आले की बाकीची आखणी बरीचशी आपोआप बसते.

आमचा हिशोब असा झाला. क्राइस्टचर्चला उतरून एक रात्र. मग टेकापो एक, माउंट कुक गावात दोन, क्वीन्सटाउनला दोन, मिलफर्डच्या वाटेवरच्या ‘ते आनाऊ’ गावी तीन, वानाका एक, फ्रान्झ जोसेफ दोन, आर्थर्स पास एक आणि परत क्राइस्टचर्चला एक. एकूण चौदा. मुख्य रस्त्यांचं अंतर १,९०० किमीच्या आसपास भरतं, त्यात इकडचं तिकडचं फिरणं धरून २,२०० किमी. आठवड्याभरात हेच सगळं उरकणारे कार्यक्रम विकायला असतात. ते घेऊ नका, अर्धा वेळ काचेतून बाहेर बघण्यात जातो.

पहिली रात्र क्राइस्टचर्चलाच ठेवायचं कारण साधं आहे. भारतातून थेट विमान नाही. सिंगापूरसारख्या ठिकाणी बदलून पोचेपर्यंत जवळजवळ एक दिवस मोडतो, आणि त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेसहा ते साडेसात तास असतं. अशा अवस्थेत लगेच तीन तास गाडी चालवणं धोक्याचं. गाडीचं बुकिंगही आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळचं केलं, म्हणजे एका दिवसाचं भाडंही वाचतं.

वेळेचं गणित सगळ्यात जास्त चुकतं. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा १०० किमी आहे, पण रस्ते बहुतेक दोन पदरी आणि वळणांचे. थांबे धरता सरासरी ताशी ६०-६५ किमीच्या वर जात नाही. नकाशावरच्या ॲपने दिलेल्या वेळेत आम्ही तिसरा हिस्सा मिळवायचो आणि ॲपच्या हिशोबाने चार तासांहून लांब दिवस आखायचाच नाही, असं ठरवलं होतं. टेकापो ते माउंट कुक १०५ किमीच आहे, तरी त्याला अर्धा दिवस दिला. पुकाकी तलावाच्या कडेने जाणारा तो रस्ता दर दहा मिनिटांनी थांबायला लावतो. हिमनदीने दळलेल्या खडकाची पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते, म्हणून पाणी तसं दुधाळ निळं दिसतं. ऊन असेल तरच तो रंग खुलतो, तेव्हा शक्य तर हा टप्पा दुपारी गाठा.

क्वीन्सटाउनहून मिलफर्डला एका दिवसात जाऊन येता येईल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. येतं, पण करू नये. एका बाजूने सुमारे २९० किमी, म्हणजे जाऊन-येऊन निव्वळ आठ तास गाडीत. त्यात बोटीचे दोन तास, आणि परतीचा टप्पा अंधारात. ते आनाऊला राहिलात तर मिलफर्ड १२० किमीवर येतं. तिथे तीन रात्री का? तर मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरहून अधिक पाऊस पडतो, जवळजवळ आपल्या आंबोलीएवढा. नुसत्या पावसाने बिघडत नाही, उलट कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. पण ढग खाली बसले किंवा दरड, पूर यामुळे रस्ता बंद झाला तर दिवस जातो. त्यासाठी एक मोकळा दिवस राखला आणि वेळ बदलता येईल असंच बोटीचं तिकीट काढलं. पहिलाच दिवस चांगला निघाला तर राखलेला दिवस केप्लर ट्रॅकच्या सुरुवातीच्या टप्प्यावर चालायला वापरता येतो.

मिलफर्डच्या दिवशी ते आनाऊतून निघतानाच टाकी भरायची. गाव सोडल्यावर थोड्याच वेळात मोबाइलचं नेटवर्क जातं, ते वाटेत जवळजवळ नसतंच. नकाशे आधी उतरवून ठेवा. वाटेत होमर बोगदा लागतो. १९५४ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरचा, तासून काढलेल्या खडकाचा. आत शिरताच रस्ता मिलफर्डच्या बाजूला दहाला एक या उताराने खाली झुकतो, वरून पाणी ठिबकत असतं आणि बाहेरच्या उजेडातून एकदम अंधारात गेल्यामुळे डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. गॉगल आधीच काढायचा, दिवे लावायचे. गर्दीच्या महिन्यांत दिवसा इथे एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात, सिग्नलला वीस मिनिटंही जाऊ शकतात. बोटीच्या वेळेत ती धरायलाच हवीत. थांबलेल्या गाड्यांवर किया नावाचे हिरवे डोंगरी पोपट येऊन बसतात आणि काचेभोवतीचं रबर, एरियल कुरतडतात. त्यांना खायला मुळीच देऊ नका.

आम्ही निवडले ते मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात हे दिवस. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, एप्रिलमध्ये क्वीन्सटाउनजवळच्या ॲरोटाउनची झाडं पिवळी व्हायला लागतात, आणि मे ते नोव्हेंबर या काळात मिलफर्डच्या वाटेवर बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत ठेवाव्या लागतात, तो व्याप टळतो. या दिवसांत एक खाचखळगा मात्र आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे तिथली घड्याळं एक तास मागे जातात. आदल्या दिवशी पावणेआठपर्यंत असलेला उजेड दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच संपतो. त्या तारखेनंतरच्या दिवसांचा मुक्काम तासभर आधी गाठायचा, हे आधीच लिहून ठेवलं. ल्युपिनची जांभळी शेतं पाहायची असतील तर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर गाठावा लागेल. ती फुलं बाहेरून आलेली आहेत आणि नद्यांच्या वाळूत घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा खातात, म्हणून त्यांच्यासाठी आम्ही तारखा हलवल्या नाहीत.

टेकापोची रात्र मात्र आम्ही कालनिर्णय समोर ठेवून ठरवली. २०१२ पासून तो सगळा परिसर ताऱ्यांच्या अंधाऱ्या आकाशासाठी राखीव आहे, गावातले दिवेसुद्धा मंद आणि खाली तोंड केलेले. पण पौर्णिमेच्या आसपास गेलात तर चांदण्यात तारे बुडतात. अमावास्येच्या चार दिवस अलीकडे-पलीकडे मुक्काम पडला पाहिजे. आपल्याकडून क्षितिजावर जेमतेम येणारे मॅगेलानिक मेघ (आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका) तिथे नुसत्या डोळ्यांनी उंच आकाशात दिसतात. विमानाची तारीख या एका गोष्टीवरून मागे-पुढे करावी, इतकं ते मोलाचं आहे.

कागदपत्रांत व्हिसा ऑनलाइन होतो. जवळच्या पैशांची अट माणशी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. फीबरोबर १०० डॉलरची पर्यटक आकारणीही भरावी लागते, ऑक्टोबर २०२४ पासून ती इतकी आहे. परवान्याच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं: महाराष्ट्राचा स्मार्ट कार्ड परवाना इंग्रजीत असतो आणि वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून. तरी भाड्याने गाडी देणारे काही जण आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, तेव्हा आरटीओतून तो काढून ठेवलेला बरा, वर्षभर चालतो.

अडतं ते नावावर. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेलं असतं आणि परवाना माहेरच्या नावाचाच राहिलेला असतो. गाडी घेताना पासपोर्ट, परवाना आणि क्रेडिट कार्ड अशी तिन्ही नावं ताडून बघतात. नाव जुळलं नाही तर दुसरा चालक म्हणून नोंद होत नाही, आणि नोंद नसलेल्याने गाडी चालवली की विमा लागू होत नाही. दोघांनी आळीपाळीने चालवायचं म्हणूनच तर हा सगळा मार्ग सुसह्य होतो. तेव्हा परवान्यावरचं नाव निघायच्या दोन-तीन महिने आधी बदलून घ्या. अनामत रक्कम बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात, फॉरेक्स कार्ड चालेलच असं नाही. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवायची. पेट्रोल पंप बरेचसे बिनमाणसांचे, कार्ड आणि पिन मागणारे असतात, तेव्हा पिन पाठ हवा.

सामान भरताना जैवसुरक्षेचा विचार आधी. खाण्याचा पदार्थ नेऊन तो जाहीर केला नाही तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. जाहीर केला तर फार तर काढून घेतात, दंड नाही. म्हणून आम्ही फॉर्मवर प्रत्येक खाण्याच्या वस्तूला ‘हो’ केलं. मध, ताजी फळं, कढीपत्ता नेलाच नाही. तूप आणि पेढेही वगळले, कारण दुधाच्या पदार्थांचे नियम कडक आहेत. भाजणी, मेतकूट, मसाले दुकानातल्या सीलबंद पाकिटांत, वर घटकपदार्थ छापलेले, आणि सगळं एकाच पिशवीत वर ठेवलेलं, म्हणजे टेबलावर दाखवताना बॅगा उपसाव्या लागत नाहीत. सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे बूटही जाहीर करावे लागतात. तळाच्या खाचांत लाल माती वाळून बसलेली असते. जुन्या दात घासायच्या ब्रशने खाच न् खाच घासून, धुऊन, कोरडे करून न्यायचे.

गाडी मध्यम आकाराची पेट्रोलची घेतली. मोटरहोममध्ये स्वयंपाक होतो, पण वळणांवर ती संथ चालते आणि वाऱ्यात हेलकावते. खेरीज तिथल्या मोटेलच्या स्टुडिओ खोल्यांत बहुतेक वेळा शेगडी, भांडी, फ्रीज असतोच. कुकर न नेता खिचडी होते. किराणा मात्र मोठ्या गावात भरून घ्यायचा. माउंट कुक गावात सुपरमार्केट नाही, तेव्हा टेकापोतूनच दोन दिवसांचं सामान न्यायचं. राहण्याचं बुकिंगही याच क्रमाने: आधी माउंट कुक, कारण तिथे खोल्याच मोजक्या, मग ते आनाऊ, मग फ्रान्झ जोसेफ, बाकी ठिकाणी नंतरही मिळतं. माउंट कुकजवळच्या हूकर व्हॅलीची १० किमीची पायवाट ठरवण्याआधी ती शेवटपर्यंत खुली आहे का ते पाहून घ्या. २०२५ मध्ये दुसरा झुलता पूल बंद झाल्यावर वाट अर्ध्यातच थांबली होती.

करारातली बारीक अक्षरं वाचायला अर्धा तास द्या. काही रस्ते विम्यातून सरळ वगळलेले असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा कच्चा रस्ता त्यात हमखास असतो. न्यूझीलंडमध्ये गाडीचं आणखी एक नुकसान वारंवार होतं: जोराच्या वाऱ्यात दार उघडलं की ते उलटं वळून बिजागरीतून वाकतं. विशेषतः टेकापो-पुकाकीच्या माळावर गाडीचं नाक वाऱ्याकडे करून उभी करायची आणि दार एका हाताने धरूनच उघडायचं.

पश्चिम किनाऱ्यावर एकेरी पूल सारखे लागतात. पाटीवर दोन बाण असतात, एक मोठा आणि एक लहान लाल. गोल, लाल कडेच्या पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर पहिला हक्क तुमचा, तरीही समोरचा थांबला आहे हे बघूनच चाकं पुलावर घालायची. आपल्याकडे डिपर मारणारा ‘मी येतोय, थांब’ असं सांगतो. तिथे त्या सवयीवर विसंबू नका, पाटीच पाळा. हास्ट नदीवरचा पूल तर पाऊण किलोमीटर लांब आणि एकेरी आहे, मध्ये बाजूला थांबायला रुंद जागा केल्या आहेत. रस्त्यावर आपल्या बाजूला सलग पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक बंद. मागे गाड्या साचल्या तर डावीकडची जादा मार्गिका दिसताच बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायचं.

वानाका ते फ्रान्झ जोसेफ हा सुमारे २८५ किमीचा टप्पा सगळ्यात लांब, म्हणून तो सकाळी आठला सुरू केला. हास्ट ते फॉक्स ग्लेशियर जवळजवळ १२० किमी मध्ये पंपाचा भरवसा नाही, तेव्हा हास्टला टाकी भरायचीच. किनाऱ्यावर थांबाल तिथे सँडफ्लाय म्हणजे बारीक चावऱ्या माश्या चावतात. पूर्ण बाह्या, मोजे आणि मलम हाताशी हवं. खाज आठवडाभर जात नाही.

शेवटच्या दिवशी आर्थर्स पास ते क्राइस्टचर्च १५० किमीच. गाडी परत देण्याआधी विमानतळाजवळच्या पंपावर टाकी भरून पावती ठेवायची, आणि गाडी घेताना काढले होते त्याच कोनांतून चारी बाजू, चाकं, काच, छत आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढायचे. कार्डावरची अनामत सुटून यायला काही आठवडेही लागू शकतात; तोवर हे फोटो आणि करार दोघांच्याही फोनमध्ये ठेवायचे.